इशापूरची थ्री नॉट थ्री घ्यावी की टूए वन? अमेरिकेत पहिली सरप्लस रायफल घेताना

अमेरिकेत राहून जुन्या लष्करी रायफली जमवायचा नाद लागला की आपल्याकडच्या माणसाची नजर फिरून फिरून इशापूरच्या रायफल कारखान्याच्या शिक्क्यावर येतेच, आणि मग प्रश्न पडतो की पहिली कुठली घ्यायची, जुनी थ्री नॉट थ्री, म्हणजे .३०३ ची गोळी उडवणारी ब्रिटिश घडणीची ली-एनफिल्ड नंबर वन मार्क थ्री स्टार, की त्याच घडणीची पण ७.६२ मिमीची गोळी उडवणारी टूए वन. लांबून बघितल्या तर दोघी सख्ख्या बहिणी वाटतात. माझं मत आधीच सांगतो, महिन्यातून दोनदा रेंजवर नेऊन उडवायची असेल तर टूए वन घ्या, लाकडा-लोखंडावर सावकाश काम करायचं आणि शिक्के वाचत बसायचं असेल तर थ्री नॉट थ्री. एकच परवडणार असेल तर मी तरी थ्री नॉट थ्रीच म्हणेन.

पण त्याआधी कागदपत्रं बघा. एच-वन किंवा तसल्या कुठल्याही नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे, शिकारीचं वैध लायसन्स वगैरे मोजके अपवाद आहेत आणि त्यासाठी वकिलाला विचारूनच पुढे जा. ग्रीन कार्डवाल्याला घेता येते. राज्याचे नियम वेगळे, न्यू जर्सीत पर्चेझर आयडी कार्ड लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड. पन्नास वर्षांहून जुन्या मूळ अवस्थेतल्या बंदुका क्युरिओ अँड रेलिक, म्हणजे संग्राहकांसाठीच्या जुन्या वस्तूंमध्ये मोडतात, त्याचं कलेक्टर लायसन्स ३० डॉलरमध्ये तीन वर्षांसाठी मिळतं आणि प्रत्येक खरेदी वहीत नोंदवावी लागते. आणि म्हातारपणी पुण्याला परत जाताना बरोबर नेऊ हा विचार सोडून द्या, .३०३ आणि ७.६२ दोन्ही भारतात सामान्य माणसाला प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बाळगायला मनाई असलेल्या मापाच्या. म्हणून तर इशापूरने नागरिकांसाठी त्याच अॅक्शनवर .३१५ स्पोर्टिंग रायफल काढली.

आता मुळात फरक काय. मार्क थ्री १९०७ ची, स्टार पहिल्या महायुद्धात लागला, मॅगझिन कटऑफ (मॅगझिनमधल्या गोळ्या अडवून एकेक गोळी भरू देणारी पट्टी) आणि व्हॉली साइट (फार लांबवर सगळ्यांनी मिळून मारा करायची साइट) काढून बनवायला सोपी केली. इशापूर बंगालमध्ये, कोलकात्याजवळ, आणि तिथे ही रायफल स्वातंत्र्यानंतरही बनत राहिली, त्यामुळे एकाच मॉडेलवर दोन जमाने सापडतात, आधीच्या रायफलीवर मुकुट आणि जीआरआय (राजा जॉर्जचा शिक्का), नंतरच्यांवर आरएफआय (रायफल फॅक्टरी इशापूर) आणि अशोकाचे सिंह. १९६२ मध्ये आपले जवान चिनी फौजेसमोर हीच घेऊन उभे होते. त्या युद्धानंतर ७.६२ नाटोच्या गोळीसाठी टूए आणि मग टूए वन बनली, टूएची साइट २००० मीटरपर्यंत आखलेली, टूए वनची ८०० पर्यंत, एवढाच दोघींत ओळखायचा फरक. गन शोमध्ये विकणारे बेधडक सांगतात की ही .३०३ ला बदलून केलेली आहे. चूक आहे ते. टूए वन नवीन बनवलेली, जास्त मजबूत स्टीलची, मॅगझिनही चौकोनी आणि बारा गोळ्यांचं, जुनीचं दहाचं.

गोळ्यांच्या बाबतीत टूए वन सरळ जिंकते. ७.६२ नाटो कुठेही मिळते आणि .३०३ महाग, शिवाय नेहमी मिळेलच असं नाही. फक्त जास्त जोराची कमर्शियल .३०८ (७.६२ नाटोची नागरी जुळी गोळी) तिच्यात घालू नका, साधी १४७ ग्रेन वजनाची लष्करी बॉल गोळी बरी. .३०३ ची गोळी रिमवाली, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कडा असलेली, मॅगझिन भरताना वरच्या गोळीची रिम खालचीच्या पुढे ठेवली नाही तर अडकते, एकदा हाताला सवय झाली की त्रास नाही. जुन्या .३०३ मध्ये कधी के एफ शिक्क्याची सापडेल, म्हणजे खडकीची, आपल्या पुण्याची. बघून छाती फुगते, पण ती उडवायला नको, कपाटात ठेवा. कॉर्डाइट या जुन्या दारूच्या गोळीत घोडा पडून क्षणभराने बार होणं, म्हणजे हँगफायर, होऊ शकतं, तसं झालं की नळी टार्गेटकडेच ठेवून थांबायचं, घाईने बोल्ट उघडायचा नाही. करोसिव्ह प्रायमरची, म्हणजे नळीत गंज आणणारं मीठ मागे सोडणारी गोळी उडवलीत तर त्याच दिवशी नळी पाण्याने धुऊन, सुकवून, तेल लावा, नुसत्या सॉल्व्हंटने मीठ जात नाही.

रिस्टोरेशनमध्ये मात्र थ्री नॉट थ्री खूप काही देते. टूए वन बऱ्याचदा काळ्या रंगात येते, त्याखाली बघण्यासारखं फारसं नसतं, रंग खरवडलात तर फक्त किंमत घालवाल. जुनीचं लाकूड तेल, माती आणि कॉस्मोलिन (गंज रोखायला लावायचं जाड ग्रीस) पिऊन काळंकुट्ट झालेलं असतं, काळ्या पिशवीत घालून उन्हात ठेवलं की ग्रीस पाझरून बाहेर येतं, पुसायचं, परत ठेवायचं, उन्हाळ्यात आठवडाभर हाच कार्यक्रम. खड्डे पडले असतील तर ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री, लाकूड फुगून वर येतं. मग कच्चं जवसाचं तेल हाताने चोळायचं, अगदी थोडं थोडं, मध्ये दिवस जाऊ द्यायचे. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात, पाण्यात भिजवून मगच फेका. आणि पॉलिश पेपर हातातसुद्धा घेऊ नका, एकदा लाकूड घासलं की इन्स्पेक्टरचे शिक्के गेले, ते कुठल्याही पैशांनी परत येत नाहीत. लोखंडावर नवीन ब्लूइंग, म्हणजे निळसर-काळा मुलामा देण्याचंही तेच.

सगळ्यात जास्त लाकडं फुटतात ती बट, म्हणजे खांद्याला टेकायचा मागचा दस्ता, काढताना. बटाच्या आतल्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडात बसलेलं असतं, त्यामुळे आधी पुढचं लाकूड उतरवायचं आणि मगच बटाचा बोल्ट फिरवायचा, उलट केलंत की मागच्या बाजूने फाटलंच समजा. उतरवल्यावर आतल्या दोन खाचा बघा जिथे धक्का झेलला जातो, तिथलं लाकूड तेलाने मऊ होऊन चेपलं असेल तर रायफल कधी नीट नेम धरणार नाही.

ली-एनफिल्डचीच पुढची नंबर फोर पण चांगली, डोळ्याजवळची भोकातून बघायची पीप साइट आणि जाड नळी, पण इशापूरची ओढ असेल तर ती तुमची नाही. रशियन मोसिन रायफल पूर्वी शंभर डॉलरच्या आत मिळायची, आता तसं राहिलेलं नाही, त्यामुळे स्वस्त म्हणून घ्यायचं कारणच गेलं.

दोघींपैकी काहीही घेतलंत तरी टाळायचं ते सांगतो. डीपी शिक्का म्हणजे ड्रिलसाठीची, उडवायची नाही. पुढच्या लाकडाभोवती तार गुंडाळलेली रायफल ग्रेनेड फेकण्यासाठीची, पहिली म्हणून नको. जंगल कार्बाइनसारखी (ली-एनफिल्डची आखूड आवृत्ती) दिसणारी टूए वन बहुधा इंपोर्टरने अमेरिकेत कापलेली, भारतीय सैन्याने तशी वापरलीच नव्हती, तिला जास्त पैसे देऊ नका. बोल्ट आणि रिसीव्हरचे नंबर जुळतात का बघा, नळीत दिवा टाकून रायफलिंग बघा, आणि उडवायच्या आधी गनस्मिथकडून हेडस्पेस, म्हणजे बोल्टचं तोंड आणि नळीत गोळी टेकते ती जागा यांतलं अंतर, तपासून घ्या, .३०३ ला लष्करी मर्यादा ०.०६४ ते ०.०७४ इंच. विकणारा तपासू देत नसेल तर दुसऱ्या टेबलावर जा, इशापूरच्या अजून पुष्कळ आहेत.