लाल भोपळा की सफरचंद? शरदातल्या बेकिंगसाठी काय घ्यावं

शरद ऋतूत घरच्या ओव्हनचे खरे दावेदार दोनच: लाल भोपळा आणि सफरचंद. दोन्हींचा हंगाम एकच, दोन्हींशी दालचिनीचं छान जमतं आणि केक दोन्हींचा होतो. म्हणून काहीही घेतलं तरी सारखंच, असा समज होतो. प्रत्यक्षात भोपळ्याची सगळी मेहनत आधी असते आणि ओव्हनमध्ये गेल्यावर तो फारसा छळत नाही. सफरचंदाला आधीची तयारी जवळजवळ नाही, पण जात चुकली की पदार्थ हातातून गेलाच. पाहुणे संध्याकाळी येणार आणि गोड काय करायचं हे दुपारी सुचतंय, तर सफरचंद घ्या. सुट्टीचा दिवस मोकळा आहे आणि चार दिवस पुरेल असं काही हवं आहे, तर भोपळा. ओव्हन नुकताच घेतला असेल तर माझं मत सरळ भोपळ्याच्या बाजूने.

भोपळ्यात वजनाच्या सुमारे 90 टक्के पाणी असतं, सफरचंदात सुमारे 85 टक्के. आकड्यांत फारसा फरक नाही, वागण्यात मात्र आहे. सफरचंदाच्या फोडी आपलं पाणी बरंचसं स्वतःतच धरून ठेवतात. भोपळ्याचा गर करून पिठात मिसळतो, त्यामुळे त्याचं सगळं पाणी केकमध्ये उतरतं. वरून सुरेख फुगलेला आणि मधे चिकट राहिलेला भोपळ्याचा केक बहुतेक वेळा पातळ गरामुळेच तसा होतो.

म्हणून भोपळा उकडू नका, भाजा. मधून कापा, बिया आणि धागे खरवडून काढा, कापलेली बाजू खाली करून ट्रेमध्ये ठेवा आणि 200 अंश सेल्सिअसवर 45 ते 60 मिनिटं राहू द्या. सालीतून सुरी अडखळल्याशिवाय आत गेली की झालं. गार झाल्यावर गर चमच्याने सालीपासून सुटतो. तो मिक्सरमधून काढा आणि चाळणीत स्वच्छ सुती कापड घालून त्यावर अर्धा तास ठेवा. खालच्या भांड्यात फिकट नारिंगी पाणी साचेल, ते सूपला वापरता येतं. चमचाभर गर घेऊन चमचा उलटा करा. तो क्षणभर चिकटून राहिला आणि मग गोळ्याने पडला, तर केकला योग्य. धारेने ओघळला तर आणखी निथळू द्या. भोपळा घेताना लहान, आकाराच्या मानाने जड आणि गर्द गराचा बघा. कोरून शोभेला ठेवतात ते अवाढव्य भोपळे बहुधा पाणचट आणि धागेदार निघतात.

एवढं केलं की पुढचं सोपं आहे. 220 ग्रॅम मैदा, 200 ग्रॅम साखर, 120 मिली तेल, 2 अंडी, 240 ग्रॅम गर. इथे एक गोम आहे. भोपळ्यात आंबटपणा फारच कमी असतो. पाककृती नुसत्या खाण्याच्या सोड्यावर बेतलेली असेल आणि तिच्यात दही, ताक किंवा काळपट ओलसर ब्राउन शुगर यांपैकी काही नसेल, तर सोडा पुरता कामी येत नाही आणि जिभेवर साबणासारखी चव रेंगाळते. अशा वेळी 2 चहाचे चमचे बेकिंग पावडर बरी. 175 अंशांवर 50 ते 60 मिनिटं. बटरऐवजी तेल मुद्दाम सांगतेय: फ्रिजमध्ये बटर घट्ट होतं, तेल होत नाही, म्हणून हा केक मऊ राहतो. दुसऱ्या दिवशी मसाले मुरल्यावर तो जास्त चांगला लागतो.

सफरचंदाची गंमत वेगळी. खायला सर्वात गोड ते बेकिंगला सर्वात चांगलं, असं अजिबात नाही. रेड डिलिशस दिसायला देखणं, पण ओव्हनमध्ये त्याचा लगदा होतो आणि चव पुळचट लागते. ग्रॅनी स्मिथ हिरवं, आंबट आणि करकरीत. ते भाजल्यावरही आकार राखतं, कारण फळातली आम्लता जास्त असली की पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन सहजी विरघळत नाही. नुसत्या आंबट सफरचंदाला मात्र खोली कमी पडते. निम्मी ग्रॅनी स्मिथ आणि निम्मी एखादी गोड पण घट्ट जात घेतली, तर फोडीही राहतात आणि मधे रसही सुटतो.

पाय (मैद्याच्या आवरणात भाजलेलं फळ) की क्रंबल (फोडींवर मैदा-बटरचा रवाळ थर), हा प्रश्न सफरचंदापुरताच. माझ्या मते घरी क्रंबलच करावं. पायमध्ये कच्च्या फोडी शिजताना बसतात, वरचं आवरण मात्र आधीच कडक झालेलं असतं, आणि मधे हाताची दोन बोटं जातील एवढी पोकळी राहते. त्यावर उपाय आहे: फोडी आधी मंद आचेवर 60 ते 70 अंशांच्या दरम्यान थोडा वेळ गरम करायच्या. त्या तापमानाला फळातलंच एक एन्झाइम पेक्टिनला बळकट करतं आणि पुढे फोडी गळत नाहीत. पण थर्मामीटर घेऊन सफरचंदांवर पहारा देण्याची हौस सगळ्यांना नसते. क्रंबलला एक किलो सफरचंदांच्या सेंटीमीटरभर जाड फोडी करा, लिंबू पिळा म्हणजे काळ्या पडणार नाहीत. 150 ग्रॅम मैदा आणि 100 ग्रॅम साखर यांत 100 ग्रॅम थंडगार बटर बोटांच्या टोकांनी चोळून रवाळ करा आणि वर पसरा. 180 अंशांवर 40 मिनिटं. वरचा रंग बघून फसू नका. कडेने रस जाडसर बुडबुडे काढायला लागला की तयार. त्याच दिवशी खाऊन संपवा, दुसऱ्या दिवशी वरचा थर ओला होतो.

मसाल्यांना भोपळा जास्त खपवून घेतो: दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग, सगळं चालतं, कारण त्याची स्वतःची चव सौम्य आहे. सफरचंदाला दालचिनी पुरे. लवंग वाढली की फळ हरवतं. अंडी नको असतील तर एका अंड्याऐवजी पाव कप भोपळ्याचा किंवा शिजवलेल्या सफरचंदाचा गर चालतो, केक जरा दडस होतो इतकंच.

साठवणीत अख्खा भोपळा पुढे. कोरड्या, हवेशीर जागी 10 ते 15 अंशांना तो महिनोन्महिने टिकतो. मात्र शेजारी सफरचंदं ठेवू नका, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने तो लवकर उतरतो. सफरचंदं फ्रिजमध्येच बरी. बाटलीबंद करण्याच्या बाबतीत पारडं उलटं फिरतं. सफरचंदाचा गर आम्लयुक्त असल्याने नीट निर्जंतुक केलेल्या बरण्यांत भरता येतो. भोपळ्याचा गर घरी बाटलीत भरून कपाटात ठेवू नये. कमी आम्लता आणि दाटपणा यांमुळे त्यात बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा, धोका असतो. तो फ्रीझरमध्येच टाका, एका केकला लागतो तेवढ्या 240 ग्रॅमच्या पुड्या करून. वितळल्यावर त्याला पुन्हा पाणी सुटतं, तेव्हा वापरण्याआधी कापडातून परत एकदा निथळून घ्या.