अभ्यासिकेतले २४ पंखे बदलले: बीएलडीसीचा रोखठोक हिशेब

आधी निकाल सांगते, मग कारणं. ज्या धंद्यात पंखा सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्री अकराला बंद होतो, तिथे बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस डीसी मोटारीचे कमी वीज खाणारे पंखे बिनदिक्कत घ्यावेत. ज्या खोलीत पंखा दिवसातून तासभर फिरतो, तिथे घेऊ नयेत. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला तेही सांगते.

पुण्यात नवी पेठेत माझी अभ्यासिका आहे. दोन हॉल, २४ पंखे; मुलं बहुतेक एमपीएससीची, थोडी सीएची. या धंद्यात कमाई ठरलेली असते. खुर्च्या मोजायच्या, महिन्याच्या १२०० रुपयांनी गुणायचं, संपलं. खुर्ची वाढवायला जागा नाही, आणि फी शंभर रुपयांनी वाढवली की चार मुलं पलीकडच्या बोळात चौकशी करून येतात. म्हणजे हातात राहतो तो खर्च. घरमालक भाड्यावर बोलू देत नाही, वायफाय बंद करायची सोय नाही. उरलं वीजबिल.

साधा जुना पंखा पूर्ण वेगात ७५ वॉटच्या आसपास वीज घेतो, बीएलडीसी २८ ते ३५. जुन्या मोटारीत रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, चुंबकत्व तयार करायलाच वीज जाते आणि त्यातली बरीचशी उष्णता होऊन वाया जाते. तासन्‌तास फिरलेल्या पंख्याच्या मोटारीला बंद केल्यावर हात लावून बघा, चांगली तापलेली असते. बीएलडीसीत रोटरवर कायमचे चुंबक असतात आणि वेग एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड सांभाळतो.

आता पैसे. २४ पंखे, रोज सोळा तास, एका पंख्यामागे ४५ वॉटची बचत: दिवसाला १७ युनिट, महिन्याला पाचशेच्या वर. हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात सगळे पंखे सगळा वेळ पाचावर नसतात आणि डिसेंबरात तर निम्मे बंदच असतात. तरी उन्हाळ्याच्या बिलात महिन्याला चारशेच्या आसपास युनिट कमी दिसले. आमची जोडणी व्यापारी. वहन आकार, इंधन समायोजन आणि वर २१ टक्के वीज शुल्क धरून मला एक युनिट चौदा-पंधरा रुपयांना पडतं. म्हणजे महिन्याला सहा हजारांच्या जवळपास. पाच खुर्च्यांची फी झाली की! आणि या पाच जणांना पिण्याचं पाणी लागत नाही, स्वच्छतागृह लागत नाही, खाली गाडी लावायला जागा लागत नाही.

पंखा साधारण तीन हजारांचा, वायरमनची मजुरी वेगळी. सगळा मिळून खर्च पाऊण लाखाच्या घरात गेला. थंडीचे महिने धरून तो सव्वा वर्षात वसूल झाला. स्थिर आकार मात्र आहे तेवढाच येतो. त्याला तुमच्या पंख्याचं काही देणंघेणं नाही. घरी हेच गणित मांडाल तर वसुली बरीच लांबेल, कारण घरगुती जोडणीत पहिल्या शंभर युनिटांचा दर खूपच कमी असतो. त्या यूट्यूबवाल्यांच्या ‘सहा महिन्यांत पैसे वसूल’वर जाऊ नका.

बिलापेक्षा मला जास्त आवडलं ते इन्व्हर्टरवर. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की पूर्वी दोन बॅटऱ्यांवर जेमतेम तासभर निघायचा, मग मुलं पुस्तकं आवरून चहाला, आणि चहाला गेलेला मुलगा त्या दिवशी परत येईलच असं नाही. आता त्याच बॅटऱ्यांवर पंखे आणि दिवे दोन तासांहून जास्त चालतात. तिसरी बॅटरी घ्यायचं ठरत होतं, ते राहिलं. शिवाय आमच्या जुन्या इन्व्हर्टरवर साधे पंखे घुंऽऽ असा आवाज करायचे, तो गेला. शांतता हाच आमचा माल, म्हणून याची किंमत मी वेगळी लावते. पूर्वपरीक्षेच्या आधीच्या महिन्यात मुलं जागा बदलतात ती आवाजामुळेच.

एसीची एक छोटी केबिन आहे, तिथेही हाच पंखा मंद ठेवून एसी २६वर लावते. कोणी कुरकुर करत नाही.

आता पाचवा तारा. तक्रार एक, रिमोट. एकाच मॉडेलचे पंखे असले की एका रिमोटवर समोरचे सगळे ऐकतात. खिडकीजवळच्या मुलीने वेग दोनवर आणला की रांगेतले चारही पंखे दोनवर, आणि मागून “काकू, पंखा!” त्यात काही मोबाइलमध्येच रिमोटची सोय असते, हा शोध मुलांना माझ्याआधी लागला. कोणीतरी टेबलाखालून पंखे बंद करायचं आणि सगळ्यांनी वर बघायचं, असा खेळ आठवडाभर चालला. शेवटी पहिल्या हॉलचे रिमोट माझ्या खणात गेले आणि सेन्सरवर काळी चिकटपट्टी बसली. दुसऱ्या हॉलसाठी भिंतीवरच्या बटणावर चालणारं मॉडेल घेतलं. थोडं महाग पडलं, पण सार्वजनिक जागेसाठी तेच घ्या. जुना रेग्युलेटर मात्र वायरमनकडून काढून घ्या, त्याच्यावर हे पंखे जोडायचे नसतात.

तक्रार दोन जास्त गंभीर आहे. साधा पंखा हळू झाला की वायरमन येतो, शंभरेक रुपयांत कंडेन्सर बदलतो, पंखा फिरतो. इथे बोर्ड गेला की वायरमन हात वर करतो. पावसाळ्यात विजेच्या एका झटक्यात आमचे दोन बोर्ड गेले. वॉरंटीत होते, पैसे लागले नाहीत, पण कंपनीचा माणूस यायला पंधरवडा गेला आणि त्या दोन पंख्यांखालच्या मुलांना मी टेबलफॅन देऊन समजूत काढली. आमच्याकडे दोन कंपन्यांचे पंखे आहेत. ही त्यातली कुठली, ते लिहीत नाही, कारण बोर्ड कोणाचाही जाऊ शकतो. तुम्ही विकत घेण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारा: सुटा बोर्ड गावात मिळतो का, केवढ्याला? उत्तर देताना तो कॅटलॉग चाळायला लागला तर पुढचं दुकान गाठा.

निवड आता भरपूर आहे. २०१२ साली आयआयटी मुंबईच्या दोन अभियंत्यांनी सुरू केलेल्या ॲटमबर्गने हे पंखे लोकांच्या ओळखीचे केले, मागोमाग क्रॉम्प्टन, हॅवेल्स, ओरिएंट सगळे उतरले. जानेवारी २०२३पासून छताच्या पंख्यांवर तारांकनाचं लेबल सक्तीचं आहे. २०२३च्या निकषांनुसार १२०० मिमीच्या पंख्याला पाच तारे मिळवायला एका वॉटमागे मिनिटाला किमान सहा घनमीटर हवा द्यावी लागायची. तेव्हा नुसते वॉट बघून भुलू नका, हवा किती तेही वाचा. वीज कमी खाणारा पण वारा न देणारा पंखा मुलं दोन दिवसांत नाकारतात.

पर्यावरणाचं म्हणाल तर आपल्याकडची वीज बहुतांश कोळशावरची, एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. चारशे युनिटांचा हिशेब तुम्हीच करा. जवळच्या एका अभ्यासिकेने दारावर ‘इको-फ्रेंडली’ अशी हिरवी पाटी लावली आहे. आत पंखे जुनेच. मी पाटी लावली नाही. यंदा फी वाढवली नाही, ती बातमी मात्र मुलांनीच सगळीकडे पोचवली.

जुने पंखे भंगारात दिले, कॉइलच्या तांब्यामुळे भाव बरा आला. ओळखीच्या एका खानावळवाल्याने ते चालू स्थितीत मागितले होते, पैसेही जास्त देत होता. नाही दिले. त्याच्याकडे ते पुन्हा दिवसभर फिरणार, म्हणजे मी वाचवलेली वीज दोन गल्ल्या पलीकडे जळणार. त्याऐवजी वरचा सगळा हिशेब त्याच्या पोळ्यांच्या तासांनुसार मांडून दिला. कागद गल्ल्यात ठेवलाय म्हणाला. पंखे अजून जुनेच आहेत.