उबदार व्हॅनिला: गोड, राळेची, धुरकट की अंगालगतची?

व्हॅनिलाचा परफ्यूम घ्यायचं मनात आलं की एक शंका हमखास डोकावते: हा लावला तर लोक आपल्याला कसं समजतील? याचं ठरलेलं उत्तर सगळीकडे वाचायला मिळतं. व्हॅनिला लावणारी माणसं मायाळू, हळवी, घरात रमणारी. मला हे उत्तर फार तोकडं वाटतं. व्हॅनिलाचे परफ्यूम एकमेकांपासून इतके वेगळे असतात की त्या सगळ्यांना एकच स्वभाव चिकटवता येत नाही. लावणारा माणूस समोरच्याला किती जवळ येऊ देतो, हे मात्र त्यातून नक्की कळतं, आणि निवड करताना हाच धागा धरावा असं माझं मत आहे.

नुसती व्हॅनिला आवडणं हे कुठल्याच खास स्वभावाचं लक्षण नाही. २०२२ साली ‘करंट बायॉलॉजी’ या शोधपत्रिकेत एक अभ्यास आला. जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या, अगदी भिन्न राहणीच्या नऊ समाजांतल्या २२५ लोकांना दहा वास हुंगायला दिले होते. त्यांत सर्वाधिक आवडला तो व्हॅनिलिनचा, म्हणजे व्हॅनिलाला तिचा वास देणाऱ्या मुख्य रेणूचा. आवडीनिवडीतल्या फरकामागे संस्कृतीचा वाटा जेमतेम ६ टक्के निघाला. बाकीचा भाग रेणूचा आणि ज्याच्या त्याच्या आवडीचा. त्यामुळे व्हॅनिलाचा पहिला संदेश सगळ्यांसाठी सारखाच असतो: या माणसापाशी बिचकायचं कारण नाही. पुढचं सगळं तिच्या सोबतीला काय घातलंय त्यावर ठरतं.

सगळ्यांत ओळखीची ती गोड व्हॅनिला. कॅरॅमल, भाजलेली साखर, बदाम असा खाऊच्या अंगाने जाणारा प्रकार. या घराण्याला ‘गुर्माँ’ म्हणतात, आणि ते खऱ्या अर्थाने उभं राहिलं १९९२ च्या ‘एंजल’पासून. थिएरी म्युग्लरच्या या परफ्यूममध्ये भाजक्या साखरेसारखा वास देणारं इथाइल माल्टॉल भरपूर होतं, पण त्याला पॅचूली या वनस्पतीच्या मातकट वासाचा भक्कम आधार होता. तो आधार आहे म्हणूनच ‘एंजल’ लावणारी व्यक्ती ठाम वाटते. आजच्या कित्येक गोड परफ्यूममधून पॅचूली गळाली आणि साखर तेवढी राहिली. असा परफ्यूम खेळकर, मोकळा, पटकन ओळख करून घेणारा माणूस सुचवतो. समारंभात, मित्रमंडळींत तो छान खुलतो. पण जिथे तुमचं म्हणणं गांभीर्याने घेतलं जायला हवं, तिथे मी तो सुचवणार नाही. गोडवा वयाने लहान भासवतो.

दुसऱ्या टोकाला राळेची, अंबर धाटणीची (म्हणजे राळांच्या उबदार, गोडसर मिश्रणाची) व्हॅनिला. गेर्लँ या फ्रेंच परफ्यूम कंपनीचं ‘शालिमार’ हे तिचं अजूनही न झाकोळलेलं उदाहरण. १९२५ साली ते जगासमोर आलं. त्यात व्हॅनिलिनपेक्षा तिपटीहून तीव्र असलेलं इथाइल व्हॅनिलिन वापरलं होतं, पण वर बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाची झळाळी आणि खाली राळेचा, चामड्याचा गडदपणा. हा सुगंध लावणारी व्यक्ती नटण्यात संकोच करत नाही. आपण खोलीत आलो की ते जाणवणार, हे तिला ठाऊक असतं आणि मान्यही असतं. उबदार म्हणावी तर उबदार, पण सलगी करण्याआधी समोरचा जरा विचार करेल. गोड व्हॅनिला आणि ही, या दोघींत तुमचं अडत असेल तर प्रश्न वयाचा नसून उठून दिसण्याच्या तयारीचा आहे.

माझा कल मात्र धुरकट व्हॅनिलाकडे आहे. तंबाखू, धूप, मिरी, कोरडं लाकूड यांच्या संगतीत व्हॅनिलाची साखर मागे सरते आणि तिचा मूळचा लाकडी, किंचित कडवट बाज पुढे येतो. टॉम फोर्डचं ‘टोबॅको व्हनील’ आणि दिप्तीकचं ‘ओ द्युएल’ दोन्ही याच वाटेवरची. पहिलं दाट, मसालेदार, दुसरं हलकं आणि धुपाच्या धुरासारखं. यातून सुचतो तो कमी बोलणारा, स्वतःत स्थिर असलेला, पण ओळख झाल्यावर आपुलकीने वागणारा माणूस. व्हॅनिला म्हणजे बायकांचा वास, अशी धास्ती असणाऱ्या पुरुषांनी इथून सुरुवात करावी. तशी ती धास्ती अनाठायीच आहे: झाँ पॉल गोतिएच्या १९९५ च्या ‘ल माल’ या पुरुषांसाठीच्या परफ्यूमचा पायाच लॅव्हेंडर आणि व्हॅनिला असा आहे.

उरली अंगालगतची व्हॅनिला, पांढऱ्या मस्कसोबतची, म्हणजे धुतल्या कपड्यांसारख्या मऊ, स्वच्छ वासासोबतची. ती दरवळत नाही. कुणी शेजारी येऊन बसलं तरच कळते. बंद खोलीत दिवसभर इतरांसोबत काम करणाऱ्यांसाठी हीच योग्य. दुसऱ्याच्या श्वासाचा विचार करणारी, नीटनेटकी व्यक्ती अशी छाप पडते. काहींना ती बेचव वाटेल, ते मी समजू शकते.

अजिबात व्हॅनिला घेऊ नये असेही प्रसंग असतात. तुम्हाला तटस्थ, काटेकोर, थोडं लांबचं दिसायचं असेल तर लिंबूवर्गीय किंवा वाळ्याचा सुगंध ते काम कितीतरी चोख करतो. व्हॅनिला जवळीक सुचवणारच. कितीही धूर घाला, ती पुरती जात नाही.

निवडताना घाई नको. व्हॅनिलिन सावकाश उडतं, तर बर्गमॉटसारखे हलके घटक थोड्याच वेळात निघून जातात. दुकानात कागदी पट्टीवर जे पहिल्यांदा आवडतं, त्यात खरी व्हॅनिला जेमतेम असते. तिसऱ्या-चौथ्या तासाला मनगटावर जे उरतं, तेच लोक तुमच्या नावाशी जोडतात. आणि मनगट स्वतःचंच हवं. २०१२ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये आलेल्या झेक संशोधकांच्या प्रयोगांत, स्वतः निवडलेला परफ्यूम अंगाच्या वासात मिसळल्यावर, परस्पर नेमून दिलेल्या परफ्यूमपेक्षा इतरांना अधिक सुखद वाटला होता. म्हणून मैत्रिणीच्या अंगावर आवडला एवढ्यावर बाटली घेऊ नये. आपलं नाक या वासाला लवकर सरावतं, इतरांचं नाही. तेव्हा वास येईनासा झाला म्हणून पुन्हा फवारा मारण्याआधी कुणाला तरी विचारावं. शिवाय व्हॅनिलिन कालांतराने तपकिरी होतं आणि पांढऱ्या कपड्यावर डाग पाडू शकतं, म्हणून फवारा कॉलरवर न मारता कातडीवरच मारावा.