भांडणारे ससे: कायमचे वेगळे ठेवायचे की नसबंदी करून पुन्हा जुळवायचे?

लहानपणी एकमेकांच्या अंगावर झोपणारे ससे चार-सहा महिन्यांचे झाले की अचानक हातघाईवर येतात. वयात आल्याचा हा परिणाम. दोन नर असतील तर बघायलाच नको.

वेगळे पिंजरे हा स्वस्त आणि तातडीचा उपाय. रक्त निघालं असेल तर त्याच क्षणी करा. मात्र जाळीला जाळी चिकटवू नका, त्यातूनही नाकाचा लचका तुटतो. मध्ये वीतभर अंतर हवं. पुढे त्रास असतो तो आळीपाळीने मोकळं सोडण्याचा. शिवाय ससा कळपातला प्राणी, सोबतीची उणीव तुम्हालाच भरून काढावी लागते.

नसबंदीला पैसे लागतात, आणि सशांची शस्त्रक्रिया नेहमी करणारा डॉक्टरही. 'रात्रभर उपाशी ठेवा' म्हणाला तर दुसरा गाठा! सशाला उलटी होत नाही, उलट पोट रिकामं राहिलं तर आतड्यांचं काम मंदावतं. मादीचा गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका टळतो, हा मोठाच फायदा. पण नर नंतरही काही आठवडे प्रजननक्षम असतो, म्हणून महिना-दीड महिना थांबायचं. मग दोघांनाही अनोळखी जागा, म्हणजे फ्लॅटमध्ये बहुधा बाथरूमच. फरशीवर पाय घसरतात, चटई टाका. एकमेकांवर चढले तर थोडा वेळ चालू द्या. शेपट्या वर करून गोल फिरू लागले की मध्ये जाड टॉवेल टाका, हात घालू नका.

माझा कौल नसबंदीला. एखादा ससा म्हातारा किंवा आजारी असेल तर मात्र वेगळे पिंजरेच बरे.