जिप्सीची चेसी, सुपर एसचं डिझेल इंजिन: डोंगरातल्या रानासाठी बांधलेल्या छोट्या ट्रकचा अनुभव

ही गाडी बांधून उभी राहिल्यापासून धारूर, केज, अंबाजोगाई भागातले शेतकरी विचारत असतात की नेमकं काय केलंय, खर्च किती आला आणि आपल्या रानात असं चालेल का. उन्हाळा, पावसाळा आणि सीताफळाचा एक अख्खा हंगाम गाडीनं काढलाय. आता खात्रीनं लिहिता येईल.

आमचं रान बालाघाटाच्या उताराला. खाली ओढ्याकाठी काळी, मधे मुरमाड, आणि वर निव्वळ बरड. सीताफळ सगळं वरच्या अंगाला. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अंबाजोगाईत सीताफळ संशोधन केंद्र आहे, झाडंही चांगली लागतात. अडचण आहे ती फळ खाली आणण्याची. सालीवरचे डोळे उघडले की फळ तोडावंच लागतं, आणि तोडल्यावर ते दोन-तीन दिवसांत मऊ पडतं. पाटी डोक्यावर घेऊन दगडाच्या पायवाटेनं बाया खाली येणार, त्यात खालच्या थरातली फळं दबणार, आणि व्यापारी नेमकी तीच बाजूला काढणार. ट्रॅक्टरला ट्रॉली लावून आडव्या उतारावर घालणं जिवावरचं काम आहे. आमच्या शिवारात ट्रॅक्टर उलटल्याची आठवण अजून ताजी आहे. साधा छोटा हत्ती मागच्या चाकांवर चालतो, बरडावर पहिल्याच चढाला चाक जागेवर फिरतं. आम्हाला अरुंद, वजनाला हलकी, चारही चाकांना ताकद असलेली आणि मागं हौदा असलेली गाडी पाहिजे होती. अशी गाडी आपल्याकडं शोरूममध्ये मिळत नाही.

मारुतीची जिप्सी १९८५ साली आली, तेव्हा तिला ९७० सीसीचं पेट्रोल इंजिन होतं. पुढं १२९८ सीसीची किंग आली, आणि माझ्याकडची चेसी किंगचीच आहे. तिला पुढंमागं अखंड एक्सल, चारही बाजूंनी स्प्रिंगचे पाटे, आणि वजन टनाच्या आसपास. पण इंजिन बदलायचं म्हटल्यावर जिप्सीच का, याचं खरं कारण तिच्या पोटाखाली आहे. तिचा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी, ज्याला आमचे मिस्त्री डबल गेअर म्हणतात, गेअरबॉक्सला चिकटलेला नसतो. तो वेगळा, चेसीला तीन रबरी माउंटिंगवर टांगलेला असतो, आणि मधे एक आखूड शाफ्ट असतो. त्यामुळं दुसऱ्या कुठल्या गाडीचं इंजिन त्याच्याच गेअरबॉक्ससकट बसवता येतं, मधला शाफ्ट तेवढा नव्यानं करावा लागतो. बहुतेक दुसऱ्या फोर बाय फोर गाड्यांत गेअरबॉक्स आणि ट्रान्सफर एकत्र असतात. तिथं जोडपट्टी खरादावर घडवण्यातच अर्धा जीव जातो.

पेट्रोल इंजिन काढायचं कारण साधं. त्याची ८० हॉर्सपॉवर ६००० आरपीएमला आणि खरी ओढ ४५०० ला. डांबरी रस्त्यावर हे ठीक, पण दगडावर चाक ठेवून इंचाइंचानं चढायचं तर इंजिन तडतडवत ठेवावं लागतं, क्लच जळतो आणि पेट्रोल पाण्यासारखं जातं. टाटाच्या सुपर एस या छोट्या मालवाहू गाडीचं १४०५ सीसी टर्बो डिझेल ७० हॉर्सपॉवरचं, पण त्याचा १३५ न्यूटन मीटरचा जोर २५०० लाच मिळतो. शिवाय ते मागची चाकं फिरवणाऱ्या गाडीतलं, म्हणजे गाडीच्या लांबीत उभं बसणारं इंजिन, गेअरबॉक्स थेट मागं तोंड करून. आणि पंप जुन्या पद्धतीचा. तालुक्याच्या गावातला कुठलाही डिझेल मिस्त्री तो उघडू शकतो, कॉम्प्युटर लावून बघायची गरज पडत नाही. रानात चालवायच्या गाडीला ही गोष्ट मला हॉर्सपॉवरपेक्षा मोठी वाटते.

कायद्याचं इथंच सांगतो, कारण विचारणाऱ्यांपैकी निम्मे लोक ही गाडी घेऊन बाजाराला जायची स्वप्नं बघतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. आम्ही जिप्सीची नोंदणी आधी रद्द करून घेतली आणि मगच चेसीला हात लावला. गाडी आमच्या सलग रानाबाहेर चाक टाकत नाही. गावातल्या खरादापर्यंत न्यायची वेळ आली तर दुसऱ्या ट्रकमध्ये चढवून नेतो. तुमचं रान तुकड्या-तुकड्यांत असेल आणि मधे सार्वजनिक रस्ता लागत असेल, तर ही गाडी तुमच्या कामाची नाही.

बांधणी अंबाजोगाईच्या एका गॅरेजमध्ये झाली. तिथल्या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. इंजिन चेसीवर लटकवून बघितलं तेव्हा चाचा पहिलं वाक्य बोलले ते असं: "भाऊ, इंजिन तर बसंल, पण चेंबर एक्सलवर येतंय." चेंबर म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं. जिप्सीचा पुढचा एक्सल इंजिनाच्या बरोबर खालून जातो आणि खड्ड्यात तो वर उचलला जातो. चेंबरचा तळ पुढच्या बाजूनं कापून उथळ केला, तेवढंच तेल मावावं म्हणून मागं खोल केला, आणि आतली तेल ओढणारी जाळी त्या खोल भागात नेली. हे काम चाचांनी स्वतः बसून केलं. वेल्ड झाल्यावर चेंबर रॉकेल भरून रात्रभर उलटं-सुलटं ठेवलं, कुठं पाझरतंय का बघायला. इंजिन थोडं वर आल्यामुळं बॉनेटला फुगवटा काढावा लागला. दिसायला तो बरा दिसत नाही, पण चालवताना चाकापुढचं दिसतं, तेवढं बास.

सुपर एसचा गेअरबॉक्स लांब, म्हणून ट्रान्सफर केस मागं सरकवला. त्यानं पुढचा शाफ्ट लांबवावा लागला आणि मागचा आखूड झाला. शाफ्ट आखूड झाला की त्याचा कोन वाढतो, आणि कोन वाढला की क्रॉस, म्हणजे शाफ्टाच्या टोकाचे सांधे, लवकर जातात. शाफ्टाचं काम ज्या खरादवाल्याकडं दिलं, त्यानं दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे काटे, एका रेषेत न ठेवता थोडे फिरवून वेल्ड केले. गाडी तिसऱ्या गेअरला आली की सीटखाली अशी थरथर की हौद्यातले क्रेट सरकायचे. त्यानं बॅलन्सिंगचे पैसे घेतले होते, आणि परत नेल्यावर चूक इंजिनच्या माउंटिंगची म्हणून हात झटकले. चाचांनी शाफ्ट काढून जमिनीवर ठेवला, दोन्ही योकांच्या भोकांत एकेक सळई घातली आणि मला बाजूनं बघायला सांगितलं. दोन सळयांमधला तिरपेपणा नुसत्या डोळ्यांना दिसत होता. दुसरीकडं शाफ्ट नव्यानं करून घेतला, थरथर गेली. शाफ्ट ताब्यात घेताना ही सळयांची परीक्षा तिथंच करा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता ब्रेक. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण इंजिन बदलणारे बरेच जण इथं लक्ष देत नाहीत आणि जीव इथंच जातो. जिप्सीच्या ब्रेकला मदत करणारा बूस्टर पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालतो. डिझेल इंजिनाला तशी ओढ नसते. त्यासाठी बऱ्याच डिझेल गाड्यांत अल्टरनेटरला वेगळा व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो. भंगारातून इंजिन घेताना अल्टरनेटर बऱ्याचदा आधीच कुणीतरी काढून नेलेला असतो, आणि मग लोक साधा अल्टरनेटर लावून मोकळे होतात. इंजिन चालू होतं, चार्जिंग होतं, सगळं बरोबर वाटतं. पण उतारावर पाय दाबला की पेडल लाकडागत घट्ट. आम्ही पंपासकट अल्टरनेटर शोधून आणला, त्याला तेलाची नळी बरोबर जोडली, पाइपात एकेरी झडप घातली. इंजिन बंद पडलं तरी दोन-तीन वेळा ब्रेक मऊ लागतो, हे दर महिन्याला तपासतो. भरल्या हौद्यानं उतरताना पहिला किंवा दुसरा गेअर, ट्रान्सफर लो मध्ये (हळू आणि जास्त ओढीचा), आणि ब्रेक फक्त मदतीला. हँडब्रेकवर मात्र माझा विश्वास बसलेला नाही. चढावर थांबायचं तर चाकामागं दगड घातल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, हा आमच्या रानातला नियम आहे.

चालवायला कशी आहे? बरडावर ही गाडी मनापासून आवडते. लो लावून दुसऱ्या गेअरात, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, ती दगडावरून दगडावर चाक ठेवत चढते आणि क्रेट जागचे हलत नाहीत. पहिल्या हंगामातच दबून बाजूला निघणारं फळ डोळ्यांत भरण्याइतकं कमी झालं. बायांच्या डोक्यावरचं ओझं गेलं, आणि माझ्या लेखी सगळ्या खर्चाची किंमत तिथंच वसूल झाली. हौदा पाच फुटांचा, चौकोनी पाइप आणि जाळीदार फाळके, मागचा फाळका साखळीवर आडवा राहतो. चार-पाच क्विंटलपर्यंत भरतो, त्यापुढं नाही. मागचे पाटे झेलतील, पण एक्सलवर जुलूम कशाला.

एक मर्यादा मात्र आहे. जिप्सीचा लो गेअर म्हणावा तेवढा लो नाही. हाय मध्येच १.४०९ ची घट आहे आणि लो मध्ये २.२६८, म्हणजे लो लावल्यावर गाडी हायपेक्षा साधारण १.६ पटच हळू होते. डिझेलच्या खालच्या जोरामुळं काम भागतं. हेच पेट्रोलवर भागलं नसतं. आमच्या सगळ्यात वरच्या टेकाडाला भरून चढताना मात्र क्लच थोडा सोडावा लागतोच.

काळ्या रानात अपेक्षा ठेवू नका. फोर बाय फोर असली तरी मोठ्या पावसानंतर काळी माती चाकाला लपेटते, मडगार्डात भरते आणि चाक गुळगुळीत गोळा होऊन फिरतं. टायर कितीही खड्ड्यांचे घ्या. वाफसा येईपर्यंत गाडी खालच्या पट्ट्यात घालायची नाही, बैल घालत नाही तसंच. मडगार्ड कापून जागा वाढवली, त्यानं फरक पडला, पण निसर्गाशी भांडून उपयोग नाही. टायर मी अरुंदच ठेवलेत. बरडावर हवा अठरा पौंडांच्या आसपास उतरवतो, मग दगडावर पकड चांगली बसते. पण याहून कमी केली तर आमच्या काळ्या खडकाच्या धारेनं टायरची बगल चिरते.

उष्णता हा दुसरा मोठा विषय. एप्रिल-मे मध्ये ४२ अंशांत गाडी बैलाच्या चालीनं चढते, समोरून वारा लागत नाही, आणि टर्बोचा इंटरकूलर रेडिएटरच्या पुढं असला तर उरलेली हवाही अडते. आम्ही इंटरकूलर बाजूला घेतला, मोठा इलेक्ट्रिक पंखा लावला आणि डॅशबोर्डवर वेगळं टेम्परेचर मीटर बसवलं. आता काटा मधल्या रेषेच्या वर सहसा जात नाही. चढून वर आल्यावर इंजिन लगेच बंद करत नाही, मिनिटभर चालू ठेवतो, म्हणजे टर्बोला तेल मिळत राहतं. हवेच्या नळीवर ट्रॅक्टरसारखी धूळ अडवणारी काचेची वाटी लावलीय; धूळ आत जाण्याआधी वाटीत किती साठते ते दिसतं, आणि उन्हाळ्यात ती आठवड्याला रिकामी करावी लागते.

मोडलं काय? ट्रान्सफर केसचे तीन रबर. जोर वाढल्यामुळं ट्रान्सफर स्वतःभोवती पिळतो आणि पुढचा रबर फाटतो. फाटला की लो टाकताना ठक्क आवाज येतो, तोच इशारा. आता जाड रबर आणि वरून एक आडवी पट्टी दिलीय. पुढचे पाटे बसले, कारण हे इंजिन जिप्सीच्या ॲल्युमिनियम इंजिनापेक्षा जड आहे. एक पाटा वाढवला. त्याच वजनामुळं स्टिअरिंग जड झालं, पॉवर स्टिअरिंग नाही, आणि अरुंद वळणावर माझ्या थोरल्या भावांचे खांदे भरून येतात. थंडीत हीटर प्लग दोनदा तापवल्यावर पहिल्या सेल्फला चालू होते. डिझेल ताशी दोन-अडीच लिटर जातं, कामाप्रमाणं कमी-जास्त. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफरवरूनच असल्यामुळं ते काही न करता चालू राहिलं.

खर्च सगळा धरून साडेतीन लाखांच्या पुढं गेला. चेसी आणि इंजिन मिळून निम्म्याहून थोडं जास्त, बाकी खराद, वेल्डिंग, ब्रेक, कूलिंग आणि चाचांची मजुरी. कुणी दीड लाखात करून देतो म्हणाला तर त्यात ब्रेक आणि शाफ्ट काय धरलंय ते आधी विचारा. चेसी बघायला जाताना पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ आणि ट्रान्सफरच्या माउंटिंगजवळ हातोडीनं ठोकून बघा. गंज आत असला तर आवाज बसका येतो. इंजिन घेताना ते तिथंच चालू करून दाखवायला लावा, आणि अल्टरनेटर पंपासकट आहे का ते हात लावून बघा.

पुढच्या उन्हाळ्याआधी मागचे ब्रेक मोठे करायचे आहेत आणि हँडब्रेक नव्यानं. ते झाल्यावर कसे लागतात तेही लिहीन.