पार्सल हरवलं, तर भुर्दंड कुणी सोसायचा?

गोव्यातल्या डिचोलीहून मी कोकमाचं आगळ आणि काजू कुरियरने पाठवते. पार्सल वाटेत हरवलं, तर नुकसान ग्राहकाचं की आपलं?

ग्राहकाचं म्हणणाऱ्यांना १९३० च्या मालविक्री कायद्याचा आधार आहे. कलम ३९ प्रमाणे माल वाहतूकदाराच्या हवाली केला की सर्वसाधारणपणे तो ग्राहकाला पोचला असं धरतात. मात्र वाहतुकीचा करार वाजवी असावा, ही जबाबदारी त्याच कलमाने विक्रेत्यावर टाकली आहे, आणि ती सोयीस्करपणे विसरली जाते.

आपण सोसणं महाग पडतं. चतुर्थीच्या तोंडावर माझा एक खोका गायब झाला. दुसरा पाठवला, त्या आठवड्याचा नफा त्यातच गेला. तरी मला हेच पटतं. कुरियर आपण निवडला, पावती आपल्याकडे, दावाही आपणच लावू शकतो. पुण्यातल्या ग्राहक ताईंनी कुणाच्या मागे लागायचं?