बाउरॉन: गुरूशिवाय आठ महिने

लिहिताना बोधरान, म्हणताना बाउरॉन. हे आयरिश चर्मवाद्य मी आठ महिन्यांपूर्वी आयर्लंडमधल्या गॉलवेत घेतलं: १६ इंची, बकरीचं कातडं, आतून अ‍ॅलन कीने ताण बदलता येणारं. लहानपणी तबल्याच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे शिक्षक कशाला हवा, असा माज होता.

तो पहिल्याच आठवड्यात उतरला. वाद्य डाव्या मांडीवर उभं धरायचं, डावा हात मागून कातड्यावर, उजव्या हातात टिपर (आपल्या टिपरीचा लांबचा भाऊ). पेनासारखा धरून मनगट असं फिरवायचं, जणू हाताचं पाणी झटकतोय. मी दोन महिने कोपरातून बडवत होते. खांदा दुखायला लागला म्हणून मोबाइलवर स्वतःचं वादन टिपून पाहिलं, तेव्हा चूक कळली. शिक्षकाने ती पाच मिनिटांत दाखवली असती.

आयरिश नाचाच्या धुनांपैकी रील सोपी: खाली-वर, खाली-वर, जोर खालच्या ठोक्यावर. दुसरा प्रकार जिग, सहा मात्रांची, म्हटलं दादराच की! पण हात एक खाली एक वर असाच चालू राहतो, त्यामुळे पहिला जोर खाली येतो आणि चौथ्या मात्रेचा वर जाताना. वरच्या ठोक्यात तेवढंच वजन आणायला मला तीन महिने लागले. नऊ मात्रांची स्लिप जिग अजून गडबडते.

कातड्याचा स्वभाव वेगळाच. पावसात सैल पडून नुसतं थप्प वाजतं; हीटर लावला की टणटण, मग मागून ओला हात फिरवायचा. आपल्याकडे हलगी शेकोटीवर शेकतात, इथे मी हीटरपासून लपवते. आतली आडवी पट्टी मात्र काढून टाकली. डावा हात मोकळा फिरला तरच स्वर खालीवर होतो, आणि खरी गंमत तिथेच आहे.

एक गोष्ट मात्र उलट क्रमाने केली. आधी ठोके शिकले, धुना नंतर ऐकल्या. इथे लेहरा (तबल्याच्या साथीला सतत फिरणारी धून) नाही, ठरलेले बोल नाहीत. फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि बासरीची धून पाठ असेल तरच कुठे गप्प बसायचं ते कळतं. संगीतकार शॉन ओ रियाडा यांनी १९६०च्या दशकात या वाद्याला वाद्यवृंदात मान मिळवून दिला, तरी बाउरॉनवाल्यांवरचे विनोद थांबलेले नाहीत. ते कशाने वाजवावं? खिशातल्या चाकूने, हा पाइपवादक शेमस एनिस यांच्या नावावर सांगितला जाणारा त्यातलाच एक. बोधर म्हणजे आयरिशमध्ये बहिरा. आपल्या ‘बधिर’चाच सगोत्री शब्द. शेजाऱ्यांना व्युत्पत्ती सांगायची गरज पडली नाही.

सेशनमध्ये (वादक जमून एकत्र वाजवतात त्या बैठकीत) एका वेळी एकच बाउरॉन, हा अलिखित नियम. गेल्या महिन्यात पहिल्यांदा विचारून बसले. दोन रील वाजवल्या, जिग सुरू झाल्यावर टिपर मांडीवर ठेवला. शेजारच्या फिडलवाल्या आजोबांनी मान हलवली. वाजवल्याबद्दल की थांबल्याबद्दल, ते विचारायचं धाडस झालं नाही.